बर्लिनमध्ये पत्ता मिळेपर्यंत

जर्मनीत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या 2018-19 मध्ये वीस हजारांच्या थोडी वर होती. 2023-24 च्या हिवाळी सत्रात ती 49,483 झाली. 2022-23 पासून तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा पहिला क्रमांक आहे, चिनी विद्यार्थी मागे पडले. यात मराठी मुलामुलींचा भरणा मोठा. पुण्यात जर्मनच्या कुठल्याही संध्याकाळच्या वर्गात डोकावले, की याची खात्री पटते. या मुलांना प्रवेश कसा मिळवायचा हे सांगणारे खूप जण आहेत. इथली कागदपत्रे तपासून दिलेले एपीएसचे प्रमाणपत्र, प्रवेशाचा हेतू सांगणारा एसओपी, सीजीपीएचे जर्मन श्रेणीत रूपांतर, ब्लॉक्ड अकाउंट, व्हिसाची तारीख, सगळे तोंडपाठ असते. हे मार्गदर्शन विमानतळावर संपते. पुढच्या सहा महिन्यांबद्दल घरात बोलणे होते ते ‘जपून राहा’ आणि ‘वेळेवर जेव’ एवढेच.

मूल परक्या शहरात रुळले की नाही, हे त्याच्या स्वभावावर ठरते असे आपण धरून चालतो. धीट असेल तर निभावेल, हळवे असेल तर रडेल. बर्लिनपुरते बोलायचे तर मला हे पटत नाही. तिथे पहिल्या काही आठवड्यांत नाव नोंदवता येईल अशी खोली मिळाली की नाही, यावर बाकीचे बरेचसे ठरते. अत्यंत धीट मुलेही खोलीपायी खचलेली पाहिली आहेत आणि घरकोंबडी मुले बरी खोली मिळाल्यावर दोन महिन्यांत सायकलवरून शहरभर हिंडताना पाहिली आहेत.

मराठी माणसाचे बर्लिनशी नाते नवे नाही. पनवेलजवळ जन्मलेले गंगाधर अधिकारी 1922 मध्ये जर्मनीला गेले आणि शार्लोटेनबुर्गच्या तांत्रिक विद्यालयात, म्हणजे आजच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या पूर्वसंस्थेत, मॅक्स फोल्मर यांच्या हाताखाली त्यांनी रसायनशास्त्रात संशोधन केले. पुढे कम्युनिस्ट नेते म्हणून ते मीरत कटाच्या खटल्यात आरोपी झाले. 1928 मध्ये ते भारतात परतले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला पोचल्या. सासरे धोंडो केशव कर्वे यांना हे जाणे पसंत नव्हते, पती दिनकर यांचा मात्र पाठिंबा होता, आणि पैशाची सोय काँग्रेस नेते जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून झाली. डालेम भागातल्या मानववंशशास्त्र संस्थेत तिचे संचालक ऑयगेन फिशर यांनी त्यांना कवट्या मोजायचे काम दिले. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची डावी-उजवी बाजू अधिक असमान असते आणि त्यात त्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व दडले आहे, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंनी मोजमापे केली आणि वंशागणिक असा फरक दिसत नाही, असा निष्कर्ष जर्मन भाषेत लिहून दिला. तीच संस्था पुढे नाझींच्या वंशशास्त्राला कामी आली. इनेश्ट्रासेवरची ती इमारत आज फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. तिथे राज्यशास्त्राचे विद्यार्थी शिकतात.

हा इतिहास अभिमानापुरता सांगत नाही. त्या काळात बर्लिनला जाणाऱ्याला जर्मन येणे अटळ होते, कारण प्रबंधच त्या भाषेत लिहायचा असे. आज डेटा सायन्स, मॅनेजमेंट, इंजिनिअरिंगचे अनेक मास्टर्स अभ्यासक्रम पूर्ण इंग्रजीत आहेत, आणि भाषेवाचून निभेल असा समज इथूनच सुरू होतो. त्याकडे पुढे येतो. आधी पैसे.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो भरावे लागतात. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर हे बारा लाखांच्या घरात जातात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, म्हणून जर्मनी स्वस्त, असा हिशेब आपल्याकडे मांडला जातो. पण या खात्यातून महिन्याला 992 युरोच काढता येतात. त्यातून बर्लिनमध्ये शेअर फ्लॅटमधल्या एका खोलीला साडेसहाशेच्या आसपास जातात. सक्तीचा आरोग्य विमा दीडशेच्या आसपास. प्रवासाचे सेमिस्टर तिकीट विद्यापीठाच्या सत्रशुल्कात येते, त्याचे महिन्याला पस्तीस-चाळीस धरा. उरतात दीडशे युरो. त्यात जेवण, फोन, हिवाळी कोट, बूट, पुस्तके आणि परवान्यांचे शुल्क. जर्मन सरकार आपल्या गरजू विद्यार्थ्यांना जे साहाय्य देते, त्यात घरभाड्यासाठी 380 युरो धरलेले आहेत. म्हणजे तिथल्या मुलांनाही या शहरातले भाडे झेपत नाही. पालकांना मी हा हिशेब कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी कागदावर मांडायला सांगतो. वर्षाचे बारा लाख म्हणजे बर्लिनमध्ये जेमतेम तग धरण्याची रक्कम. शिवाय पहिल्या महिन्यात घराची अनामत असते. कायद्याने ती मूळ भाड्याच्या तीनपटीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. हा हक्क आपल्या मुलांना ठाऊक नसतो, म्हणून ती एकरकमी देऊन मोकळी होतात आणि पहिला महिना उसनवारीवर काढतात.

आता खोली. बर्लिनमध्ये साधारण दोन लाख विद्यार्थी आहेत आणि विद्यार्थी कल्याण संस्थेच्या, म्हणजे श्टुडिरेंडनवेर्कच्या, वसतिगृहांत जागा नऊ हजारांच्या आसपास. प्रवेशपत्र हातात पडल्या दिवशीच अर्ज केला नाही तर ऑक्टोबरमध्ये जागा मिळण्याची आशा धरू नये, आणि केला तरी यादीत महिनोन्‌महिने जातात. खासगी वसतिगृहे चकचकीत असतात, जिम असते, पण त्यांचे भाडे वर मांडलेल्या हिशेबात बसत नाही. राहता राहिला वेगे, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट.

वेगेत खोली मिळण्याची रीत आपल्याकडच्या कॉट बेसिसपेक्षा फार वेगळी आहे. आपल्याकडे मालकाला डिपॉझिट दिले की काम झाले. तिथे आधीपासून राहणारी मुले नवा सोबती निवडतात. एका जाहिरातीला शेकडो निरोप येतात. त्यातल्या दहा-बारा जणांना बोलावतात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवतात, चहा देतात आणि तासभर गप्पा मारतात. तू सकाळी किती वाजता उठतोस, भांडी लगेच घासतोस का, रविवारी काय करतोस, मांस शिजवलेले चालेल का, पाहुणे किती येतात. भिंतीवर साफसफाईचा तक्ता लावलेला असतो. या आठवड्यात न्हाणीघर कोणाकडे, कचरा कोणाकडे. आपली मुले इथे मुलाखतीसारखी ताठ बसतात, मार्क आणि कंपनीतला अनुभव सांगतात. समोरच्यांना त्यात रस नसतो. हा माणूस घरात असला तर आपल्याला बरे वाटेल का, एवढेच ते पाहत असतात. जाहिरात नीट वाचून, तिच्यातल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख करून, मोडक्या का होईना पण जर्मनमध्ये स्वतः लिहिलेल्या निरोपाला उत्तर येते. सगळीकडे चिकटवलेल्या इंग्रजी मजकुराला सहसा येत नाही.

नावामुळेही दार बंद होते. 2017 मध्ये बायरिशर रुंडफुंक ही प्रसारण संस्था आणि डेर श्पीगेल हे साप्ताहिक यांनी काल्पनिक नावांनी सुमारे वीस हजार चौकशा घरमालकांना पाठवल्या. मजकूर तोच, नावे वेगळी. अरबी आणि तुर्की नावांना घर बघायला बोलावणे स्पष्टपणे कमी आले. आपल्या मुलामुलींनाही ही झळ बसते. वारंवार नकार आल्यावर आपल्यातच काही कमी आहे, असे ती समजू लागतात. जाण्याआधी कोणीतरी त्यांना हे सांगून ठेवायला हवे.

या टंचाईवर फसवणुकीचा धंदा उभा आहे. खोलीचे फोटो सुंदर, भाडे कमी, मालक लंडनला किंवा माद्रिदला कामानिमित्त. अनामत पाठवा, किल्ली कुरियरने येईल. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय किंवा ओळखीच्या कोणी तिथे जाऊन पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नये. हे सांगूनही दरवर्षी पैसे जातात, कारण सप्टेंबरच्या शेवटी तिकीट काढलेले असते आणि उतरायला जागा नसते. अशा वेळी डोळसपणा टिकत नाही.

सावधगिरीने मिळवलेल्या खोलीतही एक अट तपासावी लागते: तिथे आनमेल्डुंग होणार का? जर्मनीत राहायला आल्यापासून चौदा दिवसांत आपला पत्ता महापालिकेच्या कार्यालयात, म्हणजे ब्युर्गरआम्टमध्ये, नोंदवावा लागतो. त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला कागद लागतो. पोटभाड्याने खोली देणारे अनेक जण तो द्यायला तयार नसतात, कारण त्यांनी स्वतःच मूळ मालकाची परवानगी घेतलेली नसते. ‘खोली आहे, आनमेल्डुंग नाही’ असे लिहिलेल्या जाहिराती बर्लिनमध्ये सर्रास दिसतात. भाडे कमी असते आणि मुले ती घेतात.

मग साखळी अडते. नोंदणीचा कागद नाही म्हणून अनेक बँका खाते उघडत नाहीत. खाते नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले स्वतःचेच पैसे मिळायला उशीर होतो. करक्रमांक टपालाने नोंदवलेल्या पत्त्यावर येतो. नोंदच नसेल तर तो येत नाही, आणि तो नाही म्हणून नोकरीत पगारातून जास्तीत जास्त दराने कर कापला जातो. व्हिसाची मुदत काही महिन्यांची असते. ती संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज करायचा, तर तिथेही पहिला कागद नोंदणीचाच. काही जण पैसे घेऊन नुसता पत्ता विकतात. तिथे न राहता अशी नोंद करणे बेकायदा आहे, आणि असा पत्ता देणाऱ्याला पन्नास हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. नुसता पत्ता विकत घेण्याचा सल्ला देणारा हितचिंतक कितीही जवळचा असला, तरी त्याचे ऐकू नये.

एक गोष्ट मला प्रत्यक्ष पाहूनच कळली. नाशिककडच्या एका मुलीने सगळे रीतसर केले होते. नोंदणी झाली, विमा झाला, आणि आठवडे लोटले तरी एकही पत्र आले नाही. बँकेचे कार्ड नाही, करक्रमांक नाही. खाली जिन्यापाशी राखाडी टपालपेट्यांची रांग होती. तिच्या फ्लॅटच्या पेटीवर तीन आडनावे होती आणि चौथे, तिचे, नव्हते. जर्मन टपालवाला फ्लॅटचा क्रमांक पाहत नाही. बर्लिनच्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला क्रमांकच नसतो. तो पेटीवरचे नाव पाहतो, आणि नाव नसेल तर पत्र परत पाठवतो. माझ्यासमोर तिने वहीचा कागद कापला, ठळक अक्षरांत आडनाव लिहिले आणि चिकटपट्टीने लावले. पुढच्या आठवड्यात पत्रे यायला लागली. पहिल्याच गठ्ठ्यात रेडिओ शुल्काची मागणी होती: दर घरटी महिन्याला 18.36 युरो, टीव्ही असो वा नसो. हे पत्र जाहिरात समजून फेकून देणारी मुले पुढे दंडासह भरतात. वेगेत ते वाटून घेतात.

कागदपत्रांचा हा सगळा कारभार जर्मनमध्ये चालतो, आणि भाषेचा मुद्दा इथे पुन्हा पुढे येतो. नॉयकोल्न भागातल्या कॅफेत कॉफी इंग्रजीतच मागितली जाते, वर्गात इंग्रजी, वेगेत इंग्रजी. त्यामुळे पहिल्या वर्षी भाषा टाळता येते. घरमालकाचे पत्र, विम्याची नोटीस, डॉक्टरकडची स्वागतिका आणि पदवीनंतरच्या बहुसंख्य नोकऱ्या मात्र जर्मन मागतात. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो. ज्यांची भाषा बी 1 पातळीच्या पुढे गेलेली असते त्यांना हा काळ पुरतो; ए 1 वर थांबलेल्यांची त्यात दमछाक होते. माझे मत विचाराल तर मॅक्स म्युलर भवन असो, रानडे इन्स्टिट्यूट असो की आपल्या गावातला चांगला शिक्षक, भाषेवर इथे घालवलेले एक वर्ष सल्लागाराला दिलेल्या फीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडते. तिथे गेल्यावर शिकू म्हणणाऱ्यांना तिथे वेळ मिळत नाही.

वेळ कुठे जातो? काही अंशी अभ्यासात. तिथे हजेरी बहुधा घेत नाहीत, सत्रात चाचण्या नाहीत, कोणी मागे लागत नाही. सगळा भार शेवटच्या परीक्षेवर. परीक्षेसाठी वेगळी नाव-नोंदणी करावी लागते, ती तारीख चुकली की सत्र गेले. एका विषयात बहुतेक ठिकाणी तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झाले की तो अभ्यासक्रम संपला, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. एटीकेटी लावून पुढे सरकण्याची सवय असलेल्या आपल्या मुलांना हा नियम पहिल्याच दिवशी ठाऊक असायला हवा. प्राध्यापक मात्र भेटीच्या ठरलेल्या वेळेत मनमोकळे बोलतात. त्यांच्या मताशी असहमती दाखवली तर चर्चा रंगते.

उरलेला वेळ कामात जातो. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते. जानेवारी 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. आपल्या विषयाशी संबंधित कंपनीत कामगार-विद्यार्थी म्हणून लागणे सर्वांत उत्तम. त्या जागांना पुन्हा भाषा लागते. ती नसली की पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन सायकलवरून जेवण पोचवण्याचे काम उरते. बर्लिनच्या रस्त्यांवर हे काम करणाऱ्यांत आज दक्षिण आशियाई विद्यार्थी फार दिसतात. कष्टाच्या कामात कमीपणा काहीच नाही. पण हे काम बऱ्याचदा मधल्या कंत्राटदारामार्फत मिळते, पगारपत्रक नीट मिळत नाही, पावसात आणि बर्फात अपघात होतात, आणि रात्री उशिरा परतलेला मुलगा सकाळी व्याख्यानाला जाऊ शकत नाही.

यात सर्वांत जास्त भरडली जातात ती महागड्या खासगी विद्यापीठांत आलेली मुले. बर्लिनमध्ये अशी बरीच विद्यापीठे आहेत आणि आपल्याकडचे काही एजंट त्यांच्याकडून कमिशन घेऊन तिथेच विद्यार्थी पाठवतात. फी भरायला कर्ज, खर्चाला डिलिव्हरी. 2025 मध्ये एका खासगी विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थ्यांचे परवाने अडले, कारण अभ्यासक्रमाला प्रत्यक्ष हजर राहण्याची गरज नाही, असे तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचे म्हणणे पडले. कर्ज काढून गेलेल्या मुलाला परत जा म्हणणे किती क्रूर आहे! या एजंटांना इथे कोणी जाब विचारत नाही. महाविद्यालये आपल्या आवारात त्यांचे मेळावे भरवतात, ते थांबले पाहिजे.

खाण्यापिण्याची काळजी आई-वडिलांना सगळ्यात जास्त वाटते, आणि बर्लिनमध्ये तिचे कारण सगळ्यात कमी. विद्यापीठांच्या खानावळींत, मेन्झांत, शाकाहारी पदार्थ भरपूर आणि विद्यार्थ्यांसाठी स्वस्त असतात. मंगळवारी आणि शुक्रवारी मायबाखऊफरच्या कालव्याकाठी तुर्की बाजार भरतो, तिथे कोथिंबिरीच्या जुड्या, वांगी, मिरच्या मिळतात. पोहे, तूरडाळ, ज्वारीचे पीठ भारतीय दुकानांत असते. पंचवीस किलोच्या बॅगेत कुकर न्यावा, डाळ नेऊ नये. रविवारी दुकाने बंद असतात हे मात्र लक्षात ठेवावे.

हिवाळ्याबद्दल कोणी नीट सांगत नाही. थंडी कपड्यांनी भागते, अंधार भागत नाही. सत्र ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होते. महिनाअखेर घड्याळे तासभर मागे जातात आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. दिवस पावणेआठ तासांचाही नसतो. त्याच काळात घराशी असलेले अंतर साडेचार तासांचे होते: मूल संध्याकाळी सहाला खोलीवर येते तेव्हा सांगलीत साडेदहा वाजून गेलेले असतात आणि आई पेंगुळलेली असते. दिवसातले मोकळे बोलणे असे हळूहळू बंद पडते. झोप बिघडणे, व्याख्याने चुकवणे, फोन न उचलणे ही लक्षणे घरच्यांनी ओळखावीत आणि आळस म्हणून रागावू नये. विद्यार्थी कल्याण संस्थेकडे मोफत मानसिक समुपदेशन मिळते, इंग्रजीतही. आपली मुले तिथे जायला लाजतात. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर 116117 आणि जिवावरचा प्रसंग असेल तर 112, हे दोन क्रमांक पालकांनीही लिहून ठेवावेत.

मराठी माणसांचा आधार या सगळ्यात मोठा असतो. व्हॉट्सअॅपच्या गटामुळे कोणाच्या तरी सोफ्यावर पहिली रात्र निघते, जुनी सायकल मिळते, गणपतीत मोदक मिळतात. ही माणसे नसती तर कित्येकांचा पहिला महिना गेला नसता. तरी एक धोका दिसतो. एका फ्लॅटमध्ये सहा-सहा मराठी मुले, स्वयंपाक मराठी, मालिका मराठी, परवान्याचे नियमही ऐकीव मराठीतून. दुसरे वर्ष सरत आले तरी वर्गातल्या एकाही जर्मन मुलाच्या घरी ती गेलेली नसतात. पहिले दोन महिने आपल्या माणसांत राहावे आणि मग प्रयत्नपूर्वक बाहेर पडावे, गायनवृंदात, फुटबॉलच्या क्लबात, नाहीतर भाषेच्या अदलाबदलीच्या कट्ट्यावर.

शेवटचा प्रश्न: बर्लिनच का? हुम्बोल्ट, टेक्निकल किंवा फ्री युनिव्हर्सिटीतला हवा तो अभ्यासक्रम मिळाला असेल आणि ब्लॉक्ड अकाउंटच्या वर दोन-तीन लाखांची तजवीज असेल, तर जरूर जावे. रिंगबानच्या, म्हणजे शहराच्या मध्यभागाला वळसा घालणाऱ्या लोकल रेल्वेच्या, आत खोली हवी हा हट्ट सोडावा. श्पांडाऊ किंवा मारत्सान त्याच तिकिटात बसतात. पोट्सडाममध्ये भाडे परवडले तर तेही चालेल, फक्त तो ब्रांडेनबुर्ग प्रांत आहे आणि परवान्याचे कार्यालय बदलते. सगळी मदार त्या 992 युरोंवर असेल, तर केम्निट्स किंवा माग्डेबुर्गचा विचार गांभीर्याने करावा. तिथे तीनशे-साडेतीनशेत खोली मिळते आणि वसतिगृहाची यादी लवकर सरकते. पूर्व जर्मनीतल्या लहान शहरांत परदेशी माणसांबद्दलची चीड अधिक उघडपणे भेटते, हेही मुलांना सांगूनच पाठवावे. आणि ज्यांच्या अभ्यासक्रमाला एप्रिलमध्ये प्रवेश मिळतो, त्यांनी ऑक्टोबरचा आग्रह धरू नये: तेव्हा खोल्यांवर झुंबड कमी असते, दिवस मोठा होत जातो, आणि पहिला हिवाळा येईपर्यंत टपालपेटीवर नाव लागलेले असते.